म्हशीच्या तोंडात हात

गोंदियाकडं जाऊन आल्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या सांगलीकडच्या मंडळींना तो मुलूख म्हणजे नकाशाचं टोक. निघताना आईनं विचारलं होतं, "तिकडं वाघ असतात ना रे?" वाघ असतीलही, मला एकही दिसला नाही. मी घाबरलो ते एका दुभत्या म्हशीला. इतका घाबरलो की अजूनही पाण्याचा पेला तोंडाला लावला की घोट नीट खाली उतरतोय ना, याकडं माझं लक्ष असतं. मी मुळातच भित्रा आहे, हे कबूल करून मगच पुढचं सांगतो.

मी तेव्हा मुंबईला पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होतो. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. आमचे नातूसर दोन वर्षं परदेशात शिकून आले होते आणि येताना एक नवाच विषय घेऊन आले होते, जनावरांचे रोग आणि माणसांचं आरोग्य. तिकडं म्हणे प्राण्यांचे डॉक्टर आरोग्यखात्यात माणसांच्या डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात, आणि उद्या जगभर असंच होणार. परीक्षेत या विषयाला गुण नव्हते. त्यामुळं आम्ही त्याला 'माणसांचा तास' म्हणायचो आणि मागच्या बाकावर डुलक्या काढायचो. सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. गोठ्यात शिरलात की जनावराच्या आधी, त्याला ज्यांचे हात लागलेत ती माणसं बघा. शेवटी, हे वर्गात बसून पोरांच्या डोक्यात शिरत नाही असं ठरवून श्रावणात त्यांनी मला आणि मोरे नावाच्या माझ्या मित्राला थेट गोंदियाकडं नेलं. नव्यानं राज्यात आलेल्या गावांत गुरांचे रोग कोणते, ते पाहून यायचं होतं.

केशोरीच्या वाटेवर

गोंदियाला मोठी गाडी सोडली की पुढं लहान रुळांची गाडी. ती इतक्या सावकाश जाते की मोरे एका वळणावर उतरून पुढच्या डब्यात चढून आला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला, पाण्यानं भरलेला शेताचा तुकडा. आमच्याकडं रान म्हटलं की काळी ढेकळं आणि ज्वारी डोळ्यांपुढं येते, इथं रान म्हणजे पाणीच. मधूनच मोठमोठे तलाव. ते सरकारनं बांधले असतील असं मी म्हणालो, तर समोरचा म्हातारा चिडलाच. "सरकार कायले बांधते जी? आमच्या आजोबा-पणजोबानं बांधले!" त्या भागातल्या कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलेलं आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

अर्जुनीला उतरलो आणि बैलबंडीतून केशोरीच्या बाजूच्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. शाळेच्या एका खोलीत मुक्काम. जेवायला सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळीही भात. त्यावर लाखोळीची डाळ आणि अंबाडीची आंबट भाजी. तिसऱ्या दिवशी मोरेला झोपेत भाकरी दिसली.

पहिल्याच सकाळी मंगरू आला. मंगरू हा गावचा ढोरकी, म्हणजे सगळ्या गावाची गुरं रानात चारून आणणारा. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, हातात तेंदूची काठी. दारातूनच म्हणाला, "अजी साहेब, डोमाजीची म्हस चारा नाई खाऊन राहिली. तोंडातून लाळ गळून राहिली. आवाज बी बसला तिचा." एवढं सांगून तो गुरं घेऊन रानात निघूनही गेला. सर गावातल्या विहिरी बघायला गेले होते. मी मोरेला म्हटलं, चल, सर यायच्या आत आपण बरी करून टाकू.

डोमाजीचा गोठा

डोमाजी म्हणजे दहा-बारा एकर धानाचा शेतकरी, बोलायला कमी. त्याची बायको पार्वताबाई मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. म्हैस पाचच दिवसांपूर्वी व्यालेली. तिच्या चिकाचा खरवस सगळ्या आळीत वाटून झालेला. म्हैस मान ताणून उभी होती, लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि मधूनच ती घोगरं ओरडत होती. मी पुस्तकातलं पान डोळ्यांपुढं आणलं. लाळ, चारा बंद, मान ताणलेली, म्हणजे घशात काहीतरी अडकलं. परसात आंब्याच्या कोयी पडलेल्या दिसल्या आणि माझं निदान पक्कं झालं.

"कोय अडकली आहे," मी सांगितलं.

"मिनं तीनदा हात घालून पायलं जी," पार्वताबाई म्हणाली. "तेल बी सोडलं. काईच नाई सापडलं."

बाईला काय कळतंय, असं मनात म्हणून मी बाही वर केली. डोमाजीनं जीभ ओढून धरली, मोरेनं शिंगं धरली, आणि मी कोपरापर्यंत हात म्हशीच्या घशात घातला. घसा गरम होता आणि मोकळा होता. कोय नव्हती. म्हशीनं जबडा आवळला तशी तिच्या दाढेवर माझी बोटं खरचटली. मी हात बाहेर काढला, धोतराच्या फडक्याला पुसला आणि पुन्हा घालायला निघालो. तेवढ्यात दारातून सरांची हाक आली, "थांब!"

ते आत आले नाहीत. दारातूनच त्यांनी विचारलं, "डोमाजी, महिन्या-दीड महिन्यात गावात एखादं कुत्रं पिसाळलं होतं का?"

उत्तर पार्वताबाईनं दिलं. "होतं ना जी. ह्याच म्हशीले चावलं. मंग आमी तिले सात विहिरी दाखवून आनल्या." कुत्रं चावलं की माणसाला सात विहिरींत डोकावायला लावायचं, ही तिकडची रीत. यांनी म्हशीला दोरीनं ओढून सात विहिरींवर फिरवलं होतं. "चौथ्या विहिरीत वाकलीच नाई," पार्वताबाई म्हणाली. "मिनं तवाच म्हनलं, ही खोड करंल."

मोरे हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्या बोटांवर रक्ताचे तीन बारीक ठिपके दिसत होते. पिसाळलेलं जनावर लाळ गाळतं कारण त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकलंय असं वाटतं आणि शिकाऊ डॉक्टर हमखास हात घालतो. सरांनी हे दोनदा शिकवलं होतं. दोन्ही वेळा मी डुलकी काढत होतो.

सरांनी माझा हात साबणानं धुतला, मग पार्वताबाईचे, मग डोमाजीचे. अर्धा तास ते धूतच होते. मोरेच्या हाताला लाळ लागली नव्हती, तरी त्याचेही धुतले. खरवस उकडलेला होता, त्यामुळं तो खाणाऱ्यांना भीती नाही असं त्यांनी आळीत फिरून सांगितलं. म्हशीला जाड दोरानं बांधलं आणि घरच्यांना बजावलं, हिच्या जवळ कुणी जायचं नाही, हातानं चारा नाही, पाणी नाही. मग माझ्याकडं वळून ते हळू म्हणाले, "तिघं झालात. चौदा दिवस पोटात सुया. गोंदियाला. उद्याच्या गाडीनं निघ."

हा रोग एकदा उमटला की जगात कुठंच औषध नाही, हे मला ठाऊक होतं. त्या सुयांतली लस मेंढीच्या मेंदूपासून करतात आणि तीच कधी कधी माणसाला लुळं करते, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी जेवणाचा घास माझ्या घशाशी अडला आणि मला वाटलं, लागण झालीच. एवढ्या लवकर ती होत नाही हे पाठ असूनही वाटलं.

बांधीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून तयार होतो. डोमाजीही बायको येत असेल तर येतो म्हणाला. पार्वताबाई मात्र येईना. रोवणीचे दिवस होते. धानाची कोवळी रोपं, त्यांना तिकडं पऱ्हे म्हणतात, उपटून बांधीत रोवायची. वेळ टळली की पऱ्हे म्हातारे होतात आणि लोंबी धरत नाही. रोवणीला बायकांची पारी असते. आज सगळ्यांनी मिळून हिच्या शेतात, उद्या तिच्या. आमच्याकडं सावड म्हणतात तसंच, पण फार कडक. पार्वताबाईनं दुसऱ्यांच्या शेतात सहा दिवस रोवलं होतं, तिची स्वतःची पारी आठ दिवसांनी येणार होती. ती चौदा दिवस गेली तर पारी बुडणार, पऱ्हे वाया जाणार आणि वर्षाचा भात जाणार.

"मले म्हस चावली नाई. कुत्रा बी चावला नाई. मंग कायले सुया?" तिचं एकच म्हणणं. सर गोड शब्दांत समजावत होते. रोग वाईट आहे, काळजी घेतलेली बरी, सरकार मोफत देतं. ती मान डोलवायची आणि गुडघाभर चिखलात उतरून रोवायला लागायची.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू गेलास तर ही कधीच येणार नाही. डॉक्टर पळाला, एवढंच ती बघेल. एक-दोन दिवसांनी फार बिघडत नाही. पण जायचं तर जा, मी अडवत नाही."

मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. मला जायचं होतं, अगदी धावत जायचं होतं. मी गेलो नाही तो केवळ लाजेपोटी, यात मोठेपणा काही नाही. मी बांधावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि बोटांवरचे तीन ठिपके पुन्हा पुन्हा मोजायला लागलो. चिखलातून पार्वताबाई बघत होती.

"तुमी भेऊन राहिले काय जी?"

"हो," मी म्हणालो. "फार."

बाकीच्या बायका खळखळून हसल्या. ती हसली नाही. बांधाजवळ आली. "काऊन?"

मग मी तिला सगळं सांगितलं. सरांनी नीट झाकून ठेवलेलं सगळं. एक महिना, दोन महिने काही होत नाही. मग एक दिवस जुनी जखम मुंग्या आल्यासारखी चुरचुरते. तहान लागते, पण पाणी समोर आलं की गळा आवळतो. वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसवत नाही. माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं कळत असतं. चार-पाच दिवसांत संपतो, आणि त्याला वाचवलेलं आजवर कुणी पाहिलं नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं. पंचविशीचा बाप्या बायकांपुढं रडतोय, याची तेव्हा शुद्धही नव्हती.

बायका आता हसत नव्हत्या. पार्वताबाईनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. धानाच्या पात्यांनी कापलेले, चिखलानं फुगलेले हात, बोटागणिक चिरा.

"हे कालच काऊन नाई सांगतलं?" ती सरांवर ओरडली. "सरकार देते, सरकार देते करून राहिले!"

मला वाटतं, सरांनाही त्या दिवशी एक धडा मिळाला.

मग त्या बायकांनी जे केलं ते मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. बांधावर पाच मिनिटं कालवा झाला आणि ठरलं, पारी मोडायची. ज्या घराची उद्याची पारी होती त्या घरच्या बाईनं आपली पारी पार्वताबाईला दिली. तिसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्या गावच्या बायका डोमाजीच्या बांध्यांत उतरल्या. सगळी घरं रिकामी होती. मोरे आणि मी पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहिल्या. दिवस कलला तेव्हा शेवटची बांधी हिरवी झाली होती.

परतलो तेव्हा म्हैस मेली होती. सर आणि मोरे यांनी हातांत रबरी मोजे घालून तिच्या मेंदूचा तुकडा बाटलीत घेतला, मुंबईला तपासायला. धड चुना घालून खोल पुरलं. मी दूर उभा होतो. सगळं शिस्तीत झालं असं आम्हांला वाटलं.

गोंदिया

सर आणि मोरे मुंबईला गेले, आम्ही तिघं गोंदियाच्या धर्मशाळेत राहिलो. गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्या आणि हिंदी बोलणारे व्यापारी. मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्याकडं पाहून डोकं हलवलं. "अरे भाई, डॉक्टर होके डरता है? शर्ट ऊपर करो." सुई लांब, औषध भरपूर. पोटावर लिंबाएवढी गाठ येई आणि रात्रभर ठणके. रोज सकाळी पार्वताबाई सर्वांत आधी आत जायची, मग डोमाजी, शेवटी मी. बाहेर आली की मला म्हणायची, "जा जी, काई नाई होत." ती खोटं बोलतेय हे तिच्या कपाळावरच्या घामावरून दिसायचं.

धर्मशाळेच्या ओसरीवर ती भात शिजवायची. एकाच चुलीवरचं, एकाच पातेल्यातलं आम्ही तिघं खायचो. मी तिला वहिनी म्हणायला लागलो होतो. अकराव्या दिवशी भात वाढता वाढता ती म्हशीच्या आठवणीत रडू लागली. "मरताना मी नव्हती तिच्याजवळ. बरं झालं मंगरू होता. त्यानं तोंडात पानी घातलं."

माझ्या हातातला घास ताटात पडला.

मी विचारलं, पाणी कसं घातलं? तर म्हणाली, ओंजळीनं. गावचं जनावर मरायला टेकलं की ढोरक्यानं त्याचा जबडा उघडून हातानं पाणी पाजायचं, अशी त्यांच्याकडं रीत. वर्षानुवर्षं ज्यानं चारलं त्याच्याच हातचं पाणी पिऊन जनावरानं जावं. आम्ही घरच्यांना बजावलं तेव्हा मंगरू रानात होता. सगळं गाव रोवणीला गेलं तेव्हा तो गुरं आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा करतात त्या मोकळ्या जागेत, सोडून तिच्यापाशी बसला होता. आम्ही आलो, मेंदू काढला, चुना घातला. शेवटी हिच्याजवळ कोण होतं, हे तिघांतल्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

दुपारच्या गाडीनं मी अर्जुनीला गेलो, तिथून बंडीनं गावी. दुसऱ्या दिवसाची माझी सुई चुकणार होती. मंगरू आखरावरच भेटला. त्याचे हात मी स्वतः उलटेपालटे करून पाहिले. काट्यांच्या ओरखड्यांनी भरलेले.

"सुया घ्यायला चला," मी म्हणालो.

"साहेब, दीडशे ढोरं हायेत. ढोरं कोन चारंल?"

मी पाटलाकडं गेलो, दोन-चार घरं फिरलो. सगळ्यांना वाईट वाटत होतं, पण चौदा दिवस ढोरकी व्हायला एकही घर तयार नव्हतं. जमीनवाल्यानं गावची गुरं वळायची, ही लाजेची गोष्ट. मंगरू माझीच समजूत घालत होता. "मले काई नाई होत जी. म्हस माह्या ओळखीची होती." मी हात हलवत गोंदियाला परतलो आणि चुकलेल्या सुईबद्दल डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या.

पार्वताबाईला सांगितलं तेव्हा तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "आमच्या घरच्यांनं ढोरं चारली तं काय हात झडतीन?" शेवटची सुई झाली, डोमाजीनं पोट दाबत सदरा खाली ओढला आणि थेट स्टेशनवर गेला. दुसऱ्या दिवशी गोंदियाला मंगरू उतरला, हातात काठी नव्हती. ती डोमाजीनं आखरावर त्याच्या हातातून काढून घेतली होती.

मंगरूला डॉक्टरांच्या हवाली करून, माझी राहिलेली सुई घेऊन मी मुंबईची गाडी धरली. आणखी चौदा दिवस मी थांबू शकलो असतो. परीक्षेचं कारण सांगितलं. खरं कारण असं की मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. त्याच्यासोबत पार्वताबाई राहिली. तिनं त्याचाही भात शिजवला.

मुंबईत

म्हशीच्या मेंदूचा निकाल आला, तो आम्हांला ठाऊक होता तोच. डोमाजी गावच्या मास्तरांकडून दर महिन्याला एक कार्ड लिहून घ्यायचा. पहिल्या कार्डात होतं, "मंगरूचे चौदाही झाले. आम्ही तिघे बरे आहोत. धान चांगले आहे. तुमची तब्येत कळवावी." मी ते वसतिगृहात मोरेला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही चहा मागवला. दुसऱ्या कार्डात होतं, "आम्ही तिघे बरे आहोत. धान लोंबीवर आले. तुमची तब्येत कळवावी." त्या रात्री मी खूप दिवसांनी शांत झोपलो.

तिसरं कार्ड दिवाळीनंतर आलं. "आम्ही दोघे बरे आहोत. ढोरे आता मीच चारतो. धान घरी आले. तुमची तब्येत कळवावी."

मी ते किती वेळा वाचलं ते आठवत नाही. सरांकडं घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढला, कार्ड परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, उत्तर लिही. मी टेबलाशी बसलो, तीन कोरी कार्डं खराब केली, आणि चौथ्यावर लिहिलं की मीही बरा आहे.